सगळं एकमेकांवर कोसळत कसं नाही?

शाळेत गुरुत्वाकर्षणाचा धडा चालू असताना एखादं तरी पोर हात वर करून विचारतंच, 'सर, प्रत्येक वस्तू दुसऱ्या वस्तूला ओढते ना? मग हे सगळे तारे एकमेकांवर जाऊन आदळत कसे नाहीत?' बहुतेक वेळा तास संपत आलेला असतो, पोर्शन राहिलेला असतो. 'ते पुढच्या इयत्तेत आहे,' असं सांगून त्याला खाली बसवलं जातं. पुढच्या इयत्तेतही ते नसतं.

या प्रश्नाचा सख्खा भाऊ शोभेल असा एक प्रश्न १६९२ सालच्या डिसेंबरमध्ये रिचर्ड बेंटले नावाच्या तीस वर्षांच्या पाद्र्यानं विचारला, आणि तोही साक्षात आयझॅक न्यूटनला. न्यूटननं त्याला खाली बसवलं नाही. अडीच महिन्यांत एकामागून एक चार पत्रं लिहून उत्तरं दिली. ही चारही पत्रं केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रंथालयात जपून ठेवलेली आहेत. मी काही भौतिकशास्त्राचा माणूस नाही, जुने पत्रव्यवहार वाचणारा माणूस आहे. पण गुरुत्वाकर्षण आणि विश्वाची उत्पत्ती या दोन अवघड विषयांत माझ्यासारख्याला शिरायचं असेल, तर या चार पत्रांइतकी चांगली वाट मला दुसरी दिसत नाही. कारण त्यांतला प्रश्न विचारणारा आपल्यातलाच आहे.

बेंटले मूळचा यॉर्कशायरचा. शिकला केंब्रिजला. त्याचं खरं प्रभुत्व होतं ते ग्रीक आणि लॅटिन भाषांवर. जुन्या हस्तलिखितांतला कुठला शब्द मूळ लेखकाचा आणि कुठला नकलकाराच्या हातून घुसलेला, हे ओळखण्यात त्याचा हात धरणारं फारसं कोणी नव्हतं. फॅलॅरिस या प्राचीन जुलमी राजाच्या नावावर खपणारी पत्रं बनावट आहेत, हे पुढे त्यानं निव्वळ भाषेच्या आणि त्यांतल्या उल्लेखांच्या पुराव्यावर दाखवून दिलं. आपल्याकडे नाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, त्या जातीचं हे काम. गणिताशी मात्र त्याचा संबंध बेताचाच होता.

अशा माणसाला 'प्रिन्सिपिया' वाचायची इच्छा झाली. न्यूटनचा हा ग्रंथ १६८७ मध्ये लॅटिनमधून प्रसिद्ध झाला होता. लॅटिनची बेंटलेला अडचण नव्हती, अडचण होती ती पानोपानी असलेल्या भूमितीची. या ग्रंथाआधी काय काय वाचावं, असं त्यानं एका गणितज्ञाला विचारवलं. उत्तरादाखल आली ती ग्रंथांची एवढी लांबलचक यादी, की ती पाहूनच एखाद्यानं नाद सोडावा. बेंटलेनं नाद सोडला नाही. त्यानं थेट न्यूटनलाच गाठलं. न्यूटनची यादी पुष्कळ आटोपशीर होती. आणि सोबत सल्ला असा, की पहिल्या वाचनात सगळ्या सिद्धता समजल्याच पाहिजेत असं नाही. सोप्या तेवढ्या पाहाव्यात, पहिली साठेक पानं वाचावीत, आशय ध्यानात घ्यावा आणि सरळ तिसऱ्या भागाकडे, म्हणजे ग्रहमालेच्या वर्णनाकडे जावं. जगातल्या अत्यंत अवघड पुस्तकांपैकी एकाचा कर्ता स्वतःच वाचकाला पानं गाळायची मुभा देतो, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.

हे वाचन लवकरच कामी आलं. 'बॉइलचा नियम' आपण शाळेत शिकतो. तो रॉबर्ट बॉइल १६९१ च्या अखेरीस वारला. त्यानं मृत्युपत्रात वर्षाला पन्नास पौंडांची तरतूद करून ठेवली होती, नास्तिकांच्या आणि इतर अविश्वासूंच्या मतांचं खंडन करणाऱ्या प्रवचनांसाठी. १६९२ मधल्या पहिल्याच मालेसाठी बेंटलेची निवड झाली. लंडनच्या चर्चमध्ये त्यानं आठ प्रवचनं दिली. शेवटच्या तिहींचा विषय होता विश्वाची उत्पत्ती आणि रचना. त्यांत त्यानं न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाचा आधार घेतला. प्रवचन देऊन झालं, आता छापायचं. छापलेलं शब्दन् शब्द टिकतं, हे हस्तलिखितांच्या या जाणकाराला वेगळं सांगायला नको होतं. न्यूटनच्या नावावर आपण भलतंच काही खपवत नाही ना, याची खात्री करून घ्यावी म्हणून त्यानं न्यूटनला पत्र लिहिलं.

इथे न्यूटनच्या स्वभावाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. प्रकाशाविषयीच्या त्याच्या निबंधावर १६७२ नंतर जे आक्षेप आले, त्यांना उत्तरं देता देता तो इतका वैतागला होता, की पुढे कित्येक वर्षं काही छापायचंच तो टाळत राहिला. वादविवाद म्हटला की त्याच्या कपाळाला आठ्या पडत. त्या माणसानं बेंटलेला चार पत्रं लिहावीत? याची कारणं माझ्या मते तीन. बेंटले त्याचा प्रतिस्पर्धी नव्हता. त्याचा हेतू धर्मनिष्ठ न्यूटनला मनापासून पटणारा होता. आणि मुख्य म्हणजे हा माणूस पुस्तक वाचून आलेला होता.

बेंटलेचा प्रश्न साधारण असा होता. समजा, आरंभी सूर्य, ग्रह, तारे काहीच नव्हतं. सगळं द्रव्य धुळीसारखं आकाशभर सारखं पसरलेलं होतं आणि प्रत्येक कण दुसऱ्याला ओढत होता. तर एवढ्या भांडवलावर आज दिसणारं विश्व आपोआप तयार होईल का?

न्यूटनचं पहिलं उत्तर १० डिसेंबर १६९२ चं. तो म्हणतो, हे द्रव्य मर्यादित जागेत असेल तर कडेचं सगळं मध्याकडे पडेल आणि एकच एक प्रचंड गोळा होईल. म्हणजे त्या शाळकरी पोराची शंका रास्तच होती. पण जागा अनंत असेल तर? अनंत अवकाशाला मध्य नसतो. मग सगळं एका ठिकाणी जमणार नाही. काही द्रव्य इथे गोळा होईल, काही तिथे, आणि एकमेकांपासून खूप दूर असे असंख्य गोळे तयार होतील. सूर्य आणि तारे असे बनले असू शकतील. मात्र सूर्य तेवढा तेजस्वी आणि ग्रह निस्तेज अशी विभागणी का व्हावी, आणि ग्रहांना सूर्यात न पडता त्याच्याभोवती फिरायला लावणारी नेमकी बाजूची गती कोणी दिली, हे नुसत्या नैसर्गिक कारणांनी सांगता येत नाही, असं त्याचं मत. तिथे त्याला ईश्वराचा हात दिसत होता.

बेंटलेनं मान डोलावून पत्र फाइलला लावलं नाही. त्यानं पुढची शंका काढली. विश्व अनंत असेल तर प्रत्येक कणाला चहूबाजूंनी अनंत ओढ आहे. अनंत आणि अनंत सारखेच. मग कणानं हलावंच कशाला?

अशीच शंका आपल्याकडे बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी मांडलेली आहे. सन ११५० च्या 'सिद्धांतशिरोमणी'त ते म्हणतात, की पृथ्वीच्या ठायी आकर्षणशक्ती आहे, ती आकाशातल्या जड वस्तू आपल्याकडे ओढते आणि त्या पडताहेत असं आपल्याला भासतं. मग पृथ्वी स्वतः कुठे पडणार? आकाश तर तिच्या सभोवार सारखंच आहे! न्यूटनचा गणिती नियम भास्कराचार्यांकडे नव्हता आणि तसा दावा करण्याचं कारणही नाही. पण 'सगळीकडे सारखं असेल तर पडायचं कुठे' हा युक्तिवाद पाचशे वर्षांनी बेंटलेला नव्यानं सुचला, याचं मला अप्रूप वाटतं.

१७ जानेवारी १६९३ च्या पत्रात न्यूटन या युक्तिवादाला भिडतो. अनंत म्हटलं म्हणजे सगळे अनंत सारखे होत नाहीत, असं तो बजावतो. एका इंचाचे अनंत तुकडे पाडता येतात आणि एका फुटाचेही, म्हणून इंच आणि फूट सारखे ठरत नाहीत. दोन अनंतांचा तोल साधलेला असला तरी एका पारड्यात चिमूटभर काही पडलं की तोल गेला! मग तो सुईचा दाखला देतो. आरशाच्या काचेवर एक सुई टोकावर उभी करायची. तत्त्वतः ती उभी राहू शकते. पण व्यवहारात एखाद्या फुंकरीनंही पडते. अनंत विश्वातला प्रत्येक कण असा तोलून धरायचा म्हणजे अशा अनंत सुया एकाच वेळी टोकावर उभ्या करण्यासारखं आहे. दैवी शक्तीला ते साधेल आणि तिनं एकदा साधलं की त्या तशाच राहतील, हे तो मान्य करतो. मात्र आपोआप साधणं त्याला जवळजवळ अशक्य दिसतं.

याच पत्रात एक वाक्य असं आहे, की ज्यासाठी मी या पत्रव्यवहाराच्या प्रेमात पडलो. गुरुत्वाकर्षण हा द्रव्याचा अंगभूत गुण आहे, असं बेंटले मधूनमधून लिहीत होता. न्यूटन त्याला विनवतो, की बाबा रे, हे मत माझ्या माथी मारू नकोस. गुरुत्वाकर्षणाचं कारण मला ठाऊक आहे असं मी म्हणतच नाही. २५ फेब्रुवारीच्या पत्रात तर तो आणखी पुढे जातो. मध्ये काहीही नसताना एका निर्जीव वस्तूनं दूरच्या दुसऱ्या वस्तूवर परिणाम करावा, ही कल्पनाच त्याला कमालीची विसंगत वाटते. कुठल्या तरी माध्यमातून हे घडत असणार, पण ते माध्यम भौतिक की अभौतिक, हे त्यानं वाचकांच्या विचारावर सोडलं आहे.

पाहा, सफरचंदापासून चंद्रापर्यंत सगळ्यांची चाल एका सूत्रात बसवणारा माणूस! गुरुत्वाकर्षण किती असतं ते तो अचूक सांगतो. ते काय असतं, हे ठाऊक नाही म्हणून लिहून देतो. 'प्रिन्सिपिया'च्या पहिल्या आवृत्तीत हे इतक्या उघडपणे आलेलं नव्हतं. एका भाषापंडितानं खोदून विचारलं म्हणून ते कागदावर उतरलं.

बेंटलेनं प्रवचनं त्याप्रमाणे सुधारून छापली. पुढे तो ट्रिनिटी कॉलेजचा प्रमुख झाला. 'प्रिन्सिपिया'ची दुसरी आवृत्ती निघावी म्हणून न्यूटनच्या मागे लागणारा आणि १७१३ मध्ये ती आपल्या जबाबदारीवर छापून घेणाराही तोच. साठ पानं वाचण्याच्या सल्ल्यापासून सुरू झालेलं नातं असं पुस्तकाच्या प्रकाशनापर्यंत गेलं. १७४२ मध्ये बेंटले वारला आणि १७५६ मध्ये त्याच्या नातवानं न्यूटनची चार पत्रं प्रसिद्ध केली. बेंटलेची स्वतःची पत्रं बहुतेक गहाळ झाली. त्यानं काय विचारलं, हे आपल्याला मुख्यतः उत्तरांवरून ताडावं लागतं.

आता त्या प्रश्नांचं पुढे काय झालं? ग्रहांना बाजूची गती कोणी दिली, याला अठराव्या शतकाच्या अखेरीस लाप्लासनं एक नैसर्गिक उत्तर सुचवलं. फिरणाऱ्या वायूच्या ढगातूनच सूर्य आणि ग्रह बनले, म्हणून ते फिरतात. तपशील बदलले, पण मूळ कल्पना आजही मान्य आहे. ताऱ्यांच्या सुया मात्र तशाच उभ्या राहिल्या. १९१७ मध्ये आइनस्टाईननं आपला नवा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत साऱ्या विश्वाला लावला, तेव्हा त्याच्याही पुढे तीच अडचण आली. विश्व स्थिर आहे असं तेव्हा सगळेच धरून चालत. पण समीकरणं ते स्थिर राहू देईनात. म्हणून त्यानं ओढीला तोलणारं एक दूर ढकलणारं पद समीकरणात घातलं. १९३० मध्ये एडिंग्टननं दाखवलं, की हा तोलही सुईच्या टोकावरचाच आहे. जरा धक्का लागला की असं विश्व एकतर आकसत जाईल, नाहीतर फुगत जाईल.

तोवर खरं उत्तर दाराशी आलेलं होतं. फ्रीडमननं १९२२ मध्ये आणि लमेत्रनं १९२७ मध्ये विश्व प्रसरण पावत असल्याची शक्यता गणितानं मांडली होती. लमेत्र हाही पाद्रीच होता, पण गणितात मुरलेला! १९२९ मध्ये हबलनं निरीक्षणांनी दाखवलं, की दीर्घिका जितक्या दूर तितक्या वेगानं आपल्यापासून लांब चालल्या आहेत. वर उडवलेला चेंडू वर जात असतो तेवढा वेळ तो खाली का पडला नाही, असं आपण विचारत नाही. विश्वाचं तसं झालं. ते कोसळलेलं नाही, कारण ते पसरतं आहे. हे पसरणं मागं मोजत गेलं की सुमारे १,३८० कोटी वर्षांपूर्वीच्या अतिशय तप्त आणि दाट अवस्थेपाशी आपण पोचतो. १९९८ मध्ये आणखी एक धक्का बसला. चेंडूचा वेग कमी होण्याऐवजी वाढतो आहे असं आढळलं. ज्यामुळे तो वाढतो, त्याला शास्त्रज्ञ कृष्ण ऊर्जा म्हणतात. ती काय आहे, हे विचारलं तर ते न्यूटनसारखंच उत्तर देतात.

आणि त्या सुया? १९९२ मध्ये, बेंटलेच्या पत्राला बरोबर तीनशे वर्षं होत असताना, 'कोबे' उपग्रहाच्या शास्त्रज्ञांनी विश्वाच्या बाल्यावस्थेतून आलेल्या प्रारणाचा नकाशा जाहीर केला. त्यात तापमानाचे फरक होते, एक लाखात एक भाग इतके बारीक. म्हणजे आरंभीचं द्रव्य जवळजवळ सारखं पसरलेलं होतं, अगदी सारखं नव्हतं. जिथे कणभर जास्त, तिथे ओढ कणभर जास्त. तिथे आणखी द्रव्य आलं, ओढ आणखी वाढली. सुया कलल्या आणि पडल्या. त्या पडल्या म्हणूनच दीर्घिका झाल्या, तारे झाले, पृथ्वी झाली. सुया पडतील, ही न्यूटनला मोठी अडचण वाटत होती. आपलं सगळं अस्तित्व त्या पडण्यावरच उभं आहे.

मधल्या माध्यमाचं कोडंही काही अंशी सुटलं. आइनस्टाईनच्या मते वस्तुमानामुळे अवकाश-काल वाकतो आणि ते वाकणं म्हणजेच गुरुत्वाकर्षण. त्यात बदल झाला तर त्याच्या लहरी प्रकाशाच्या वेगानं पसरतात. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या 'लायगो' यंत्रणेनं अशी लहर पहिल्यांदा पकडली. २०१७ च्या ऑगस्टमध्ये दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची लहर आणि तिथलाच गॅमा किरणांचा झोत, सुमारे तेरा कोटी वर्षांचा प्रवास करून, दोन सेकंदांच्या आत एकापाठोपाठ एक पोचले. दूरची ओढ क्षणात, मध्ये काही नसताना पोचत नाही, ही न्यूटनची शंका खरी ठरली. तरीही अणूंच्या जगाचे नियम आणि गुरुत्वाकर्षण यांचा मेळ अजून बसलेला नाही, आणि आरंभीच्या क्षणाबद्दल बोलायला तोच मेळ लागतो.

या साऱ्या कथेत उत्तरांइतकाच मोलाचा वाटतो तो उत्तर देणाऱ्याचा वेळ. आपल्याला हे वेगळं सांगायला नको. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर त्याच केंब्रिजमध्ये शिकले. तिथे फ्रेड हॉइल यांच्याबरोबर त्यांनी १९६४ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा वेगळा सिद्धांत मांडला, आणि महास्फोटाच्या कल्पनेवर ते पुढेही आयुष्यभर शंका घेत राहिले. पुण्यात त्यांनी उभारलेल्या 'आयुका'च्या अंगणात न्यूटन आणि आइनस्टाईन यांच्या पुतळ्यांशेजारी आर्यभट आणि गॅलिलिओही आहेत. मुलं स्वाक्षरी मागायला आली की नारळीकर म्हणत, मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली माझी सही मिळेल. २० मे २०२५ रोजी ते गेले. त्यांच्या सहीची ती पोस्टकार्डं महाराष्ट्रात किती घरांत असतील!

'लायगो'ची भारतातली प्रयोगशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ परिसरात व्हायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिला मंजुरी दिली आहे. ती उभी राहील तेव्हा देशोदेशीचे शास्त्रज्ञ मराठवाड्यात येतील, आणि आजूबाजूच्या गावांतली मुलं शाळेच्या सहलीत ते लांबलचक बोगद्यासारखं यंत्र पाहायला जातील. त्यांतलं एखादं पोर हात वर करून काहीतरी विचारेल. त्या वेळी तिथे त्याला मराठीत, नीट, आणि गरज पडली तर 'हे अजून ठाऊक नाही' असंही सांगणारं कोणी तरी असावं, एवढी व्यवस्था आपण आतापासून करायला हवी.